शहिदाला घातलेलं पाणी

९ सप्टेंबर, गुरुवार

लिंबू झालं, राख झाली, अम्मा म्हणाली म्हणून आंबट ताकही चोळून पाहिलं. हात काही साफ होत नाहीत. अक्रोडाच्या हिरव्या सालीचा डाग कातडी बदलेल तेव्हाच जायचा. आमच्या गुंडजारमध्ये या महिन्यात सगळ्यांचेच हात कोळशासारखे असतात, इथे कोणाला त्याचं काही वाटत नाही. पण मी कुपवाड्याच्या कचेरीत पहिल्याच आठवड्यात असे हात घेऊन बसते आहे.

वकीलसाहेब माझ्या बोटांकडे बघून म्हणाले, "तबिंदा, तू बीए केलंस की अक्रोड सोललेस?"

"दोन्ही, साहेब. एकाच्या जिवावर दुसरं झालं."

ते हसले. पीर अफरोज म्हणजे सगळ्या जिल्ह्यात नाव असलेला माणूस. बेपत्ता झालेल्यांच्या घरच्यांची बाजू कोर्टात मांडायला दुसरं कोणी उभं राहत नाही. येणाऱ्यांची जबानी नीट लिहून घ्यायची, हे माझं काम. आमच्या घरातलं माझ्याआधी कोणी कचेरीत गेलं असेल तर ते दाराबाहेर ताटकळायला. मी खुर्चीवर बसते. सकाळी सुमोत चढताना बाबांनी शिलाई मशीन थांबवून माझ्याकडे पाहिलं, बोलले मात्र काही नाहीत. बाबा बोलतच नाहीत. त्यांच्या भित्रेपणाला गावात लोक शहाणपण म्हणतात.

१३ सप्टेंबर, सोमवार

पहाटे वरच्या ओढ्याकडून गोळीबाराचा आवाज आला. थोडाच वेळ. नंतर नऊच्या सुमारास छावणीतले जवान खाटेवर एक प्रेत घेऊन मशिदीजवळ आले. पोलीसही होते. म्हणाले, पलीकडून आलेला अतिरेकी आहे, नाव अबू तल्हा, चकमकीत मेला, पुरून टाका. सीमेजवळच्या गावांना हे नवीन नाही. मारायचं त्यांनी, खणायचं आपण.

बायकांना जवळ जाऊ देत नाहीत. तोंड ओळखू येण्यासारखं राहिलं नव्हतं असं ऐकलं. पुढचं रोटीवाल्या हबला कांदुरकडून कळलं. रोटी आणायला गेले तेव्हा तो तंदुरात हात घालता घालता सांगत होता. मौलवी तौसीफ पुढे झाले आणि म्हणाले, हा शहीद आहे, शहिदाला आंघोळ नसते, आहे त्याच रक्ताच्या कपड्यांत पुरायचा. सगळ्यांनी माना हलवल्या. आणि आमचे बाबा, जे चारचौघांत शिंकसुद्धा दाबून देतात, ते पाण्याची बादली घेऊन पुढे गेले.

"सनाउल्ला चाचा, शहिदाला पाणी घालत नाहीत. हे लेकरालाही ठाऊक आहे," मौलवीसाहेब म्हणाले.

"मलाही ठाऊक आहे, मौलवीसाहेब. म्हणूनच घालतोय."

गावातल्या मेलेल्यांना आमच्या आजोबांपासून आमच्याच घरचे अंघोळ घालत आले आहेत, त्यामुळे कोणी त्यांचा हात धरला नाही. पण मला काय झालं ते समजलं. समोर जवान उभे होते. शहीद म्हणून पुरलं तर त्यांना राग येईल, म्हणून बाबांनी त्या माणसाची शहादत धुऊन टाकली. भीतीपोटी.

मी हबलाला म्हटलं, "लाज वाटते मला."

तो म्हणाला, "गरम आहे, फडक्यात धर," आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

१४ सप्टेंबर, मंगळवार

मशिदीच्या भिंतीवर अबू तल्हाच्या संघटनेचं पत्रक लागलं आहे. पाहुणा मुजाहिद अबू तल्हा शहीद झाला, बदला घेतला जाईल, वगैरे. कचेरीत मी गावच्या घटनेची टिपणी लिहून दिली. वकीलसाहेबांनी विचारलं, ओळख कशी पटवली? मी म्हटलं, पोलिसांनी अबू तल्हा सांगितलं आणि संघटनेनेही अबू तल्हाच सांगितलं. दोन वैरी एकच सांगत असतील तर तपासायला उरतं काय?

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले, आणि टिपणी ठेवून घेतली.

घरी येऊन बाबांना विचारलंच. "तुम्ही काल कोणाला घाबरलात?"

ते सुईत दोरा ओवत होते. "सगळ्यांनाच, पोरी."

१७ सप्टेंबर, शुक्रवार

जुम्म्याचं प्रवचन भोंग्यावरून घरात ऐकू येतं. मौलवी तौसीफ आमच्याच वयाच्या मुलांसारखे बोलतात, त्यांना ऐकावंसं वाटतं. छावणीत नेलेल्या पोरांची नावं त्यांनी भोंग्यावर घेतली. एवढी हिंमत इथे कोणी करत नाही. मग म्हणाले, ज्यांनी शहिदाचा मान हिरावला त्यांनी आपला शेवट कसा होईल याचा विचार करावा. अम्मा तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला. मग ते म्हणाले, आपल्या मुली भावाशिवाय गाडीत बसून शहरात जातात, हेही त्याच गुलामीचं लक्षण आहे. हे वाक्य मी ऐकलं नाही असं धरलं. माणूस पुष्कळसं खरं बोलत असेल तर एखाद्या वाक्यासाठी त्याला सोडून द्यायचं का? मला ठरवता येत नाही.

मला भाऊ नाही.

२० सप्टेंबर, सोमवार

आज पहिली जबानी मी एकटीने घेतली. वकीलसाहेब कोर्टात होते.

झैतून नावाची बाई. सुरमर्गच्या कुरणावरची गुज्जर, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी असेल, पण थोरल्या बहिणीला म्हणावं तसं मला बाजी म्हणत होती. नवरा गुलाबदीन खटाना. मोसमात खालच्या गावांत अक्रोड झोडायला उतरतो, तसा या वर्षीही उतरला. शुक्रवारपर्यंत येतो म्हणाला होता. त्याच्यानंतर आणखी एक शुक्रवार गेला.

"कुठल्या गावात गेला होता?"

"जिथे झाड तिथे तो. वर चढला की उतरायचं विसरतो. सासू म्हणते, माकडाशी लग्न लावलं असतं तर माकड तरी संध्याकाळी घरी आलं असतं."

"ओळखण्याची खूण?"

"नवरा आहे माझा, बाजी. खूण कशाला? पाठ दिसली तरी ओळखीन."

मी समजावलं, की खूण कोर्टाला लागते. तिने विचार केला आणि म्हणाली, तो झोपेत गातो. मी ते लिहिलं नाही, आता वाटतं लिहायला हवं होतं. उंची, कपडे, बुटांचा रंग लिहिलं. इस्पितळ, पोलीस चौकी, तुरुंग, कुठे कुठे चौकशी करायची ते सांगितलं. गुरुवारी परत यायला सांगितलं.

जाताना म्हणाली, "लवकर सांगा. वर हिमाचा वास यायला लागलाय. सगळे डेरे खाली उतरले, आमचाच राहिलाय. लेक आल्याशिवाय हलणार नाही म्हणून म्हातारी बसलीय. बकऱ्या आहेत, दोन पोरी आहेत. बर्फात सापडलो तर कोणी उरायचं नाही."

रात्री जेवताना मी हे सगळं घरी सांगितलं. जरा फुशारकीनेच सांगितलं असेन. बाबांनी हातातला चहाचा पेला खाली ठेवला.

"कुठली म्हणालीस?"

"सुरमर्ग."

"त्याचा गुडघा कधी फुटलेला होता का? उजवा?"

मी म्हटलं, "मला नाही माहीत. पण प्रश्न चांगला आहे, आमच्या प्रश्नांत नाही. गुरुवारी विचारते."

अम्माने बाबांकडे असं पाहिलं, जसं काही त्यांनी पेला फोडला होता.

२१ सप्टेंबर, मंगळवार

आजचं आजच लिहून ठेवते.

संध्याकाळची मगरिबची नमाज होऊन बाबा घरी आले आणि त्यांच्या मागोमाग तीन जण आत शिरले. अंगातल्या सैल फेरनखाली बंदुका. जेवायला वाढा म्हणाले. अशा वेळी नाही म्हणायची सोय नसते. भात आणि हाकची पालेभाजी वाढली. वाढायला मी होते. त्यांच्यातला जो म्होरक्या होता तो पलीकडच्या वळणाचं उर्दू बोलत होता. माझे काळे हात त्याच्या ताटावर गेले तेव्हा मला लाज वाटली, कारण त्याची बोटं धुतल्यासारखी गोरी होती, नखं कापलेली. खूप अदबीने बोलत होता. अम्माला अम्मीजान म्हणाला.

जेवता जेवता बाबांना म्हणाला, "चाचा, माझी कबर खोल खणलीत ना? मला थंडी सोसत नाही."

बाकीचे दोघे इतके हसले की एकाला ठसका लागला.

बाबा म्हणाले, "मेलेल्याला थंडी नसते."

"मग पाणी का घातलंत? गारठला असेल बिचारा."

तो हात धुऊन उठला. दाराशी थांबून म्हणाला, "झालं ते झालं. शहीद आमचा आहे. त्याच्याविषयी पुन्हा तोंड उघडायचं नाही. तुमची मुलगी शिकलेली आहे असं मौलवीसाहेब सांगत होते. सुमोने जाते म्हणे."

मेलेल्या साथीदाराची अशी चेष्टा करायची त्यांच्यात पद्धत असावी. मला ते घाणेरडं वाटलं. त्याहून घाणेरडं वाटलं ते माझं येणंजाणं त्याला ठाऊक असणं, तेही मौलवीसाहेबांकडून.

२२ सप्टेंबर, बुधवार

कोणाकडे जेवण झालं हे छावणीला कळतंच. सकाळी बाबांना बोलावून नेलं. दुपारी परत आले ते भिंत धरून. अम्मा गरम मिठाने पाठ शेकत होती आणि मला आत येऊ देत नव्हती.

मी दाराबाहेरून विचारलं, "काय विचारलं त्यांनी?"

"काल कोण आलं होतं ते."

"आणि?"

"आणि म्हणाले, ज्याला पुरला तो पुरला. उगाच उकरू नकोस."

अवघ्या एका दिवसात दोन्हीकडून तेच वाक्य. मी त्यावरच विचार करत बसले. कचेरीत गेले नाही.

२३ सप्टेंबर, गुरुवार

झैतून माझ्याआधी येऊन पायरीवर बसली होती. इस्पितळात नाही, चौकीत नाही. मी कागद काढला आणि म्हटलं, एक राहिलं होतं. नवऱ्याचा उजवा गुडघा कधी फुटला होता का?

ती माझ्याकडे बघत राहिली.

"लग्नाच्या वर्षी झाडावरून पडला होता. हाड बाहेर आलं होतं. हे मी तुला सांगितलं नव्हतं, बाजी. तुला कोणी सांगितलं?"

माझे हात टेबलावर होते. मी ते खाली घेतले. कशासाठी, ते आधी हातांना कळलं आणि मग मला.

मी तिला म्हटलं, दोन दिवस दे. खोटं बोलले नाही, पण खरंही बोलले नाही. ती पायरी उतरून गेली. सुमोत सगळ्या वाटेभर बाया काहीतरी बोलत होत्या, मला एकही शब्द आठवत नाही.

बाबा पालथे झोपले होते. मी जमिनीवर बसले.

"गुडघा तुम्ही पाहिलात."

"पाणी घालताना सगळंच दिसतं."

"आणि हात?"

"तीनदा धुतले. रक्त गेलं. हात तुझ्यासारखेच राहिले." मग म्हणाले, "डोंगर ओलांडून बंदूक घेऊन आलेला माणूस कोणाचे अक्रोड सोलत बसेल?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोललो की. पाणी घातलं. ज्याला त्यातून समजायचं त्याला समजलं."

"म्हणजे गावाला माहीत आहे? सगळ्यांना?"

"गावालाही असेच हात आहेत ना."

आणि मी हबलाच्या दुकानात उभी राहून म्हणाले होते, लाज वाटते.

२५ सप्टेंबर, शनिवार

वकीलसाहेबांना सगळं सांगितलं. मंगळवारी जेवून गेलेला तो पलीकडचा म्होरक्याही सांगितला.

"तोच अबू तल्हा," ते म्हणाले. "मेला असं जाहीर झालं की माणूस मोकळा हिंडतो, त्याला कोणी शोधत नाही. संघटनेला शहीद मिळाला, छावणीत कोणाच्या तरी छातीला पदक मिळेल. दोघांचंही एकाच प्रेतात भागलं."

"आपण अर्ज करू. कबर उघडायला लावू."

"करू. तुझ्या बापाचं प्रतिज्ञापत्र लागेल. अर्ज आज दिला तर कबर पुढच्या उन्हाळ्यात उघडेल, उघडलीच तर. तोवर त्याला एक आड एक दोन्हीकडून बोलावणी येतील. ही गोष्ट तू त्याच्याशी बोल. मी बोलणार नाही."

त्यांच्याकडून मला हे अपेक्षित नव्हतं. ते मला धीर देतील असं वाटलं होतं.

मग झैतूनला सांगितलं. कसं सांगितलं ते लिहिणार नाही. ती रडली नाही. म्हणाली, "कबर दाखव."

तिला माझ्याबरोबर घरी आणलं. अंधार पडायच्या आत कब्रस्तानात नेलं. ताज्या मातीवर कोणीतरी हिरवी पताका लावली होती, त्यावर दुसऱ्याच माणसाचं नाव. वाचता येत नसूनही ती पताकेकडे बघत राहिली. "काय लिहिलंय?" मी सांगितलं. तिने पताका उपटली नाही. नुसती हाताने बाजूला सारली, चेहऱ्यावर आलेली केसाची बट सारावी तशी.

२६ सप्टेंबर, रविवार

मी तिला कोर्टाचं समजावलं. अर्ज, तपासणी, हाडांची परीक्षा. पुढचा उन्हाळा.

"पुढच्या उन्हाळ्यात मला कोण हवंय, बाजी? मला म्हातारीला खाली आणायचंय." ती अम्माबरोबर अक्रोड सोलत बसली होती, आमच्या सगळ्यांपेक्षा भराभर. "मी जाऊन सांगितलं तर ती म्हणेल, नवऱ्याला टाकून आलीस म्हणून बनवून सांगतेस. माझ्या एकटीच्या तोंडचं ती ऐकायची नाही. मशिदीत नाव घेतलं गेलं, चार माणसं मातमाला बसली, असं कळलं तर ऐकेल. आमच्यात माणूस तेव्हा मरतो."

अम्मा म्हणाली, "आमच्यातही तेव्हाच मरतो."

कोणी बाबांकडे पाहिलं नाही. न पाहणं सगळ्यांना जड गेलं.

२८ सप्टेंबर, मंगळवार

प्रतिज्ञापत्र मी स्वतः लिहिलं आहे. बाबांनी वाचून घेतलं, दोनदा, आणि मशीनच्या फळीवर ठेवलं. सही केली नाही.

मी त्यांना फार बोलले. भित्रे म्हणाले. वाकलेल्या पाठीच्या माणसाला मी भित्रा म्हणाले. आणि त्याच वेळी मला आतून वाटत होतं की त्यांनी सही करू नये. त्या म्होरक्याची ती नखं डोळ्यांपुढून जात नाहीत. आज सुमोत माझ्या मागच्या बाकावर एक अनोळखी माणूस होता, मी मधेच उतरले आणि उरलेली वाट चालत आले. सत्य सांगावं असं मी दुसऱ्यांना किती सहज सांगते.

बाबा एवढंच म्हणाले, "तुझ्या कागदावर माझं नाव येतं, साहेबांचं येतं, कोर्टाचं येतं. त्याचं नाव कोण ऐकणार?"

"न्यायाधीश ऐकतील."

"सुरमर्गात?"

वरच्या डोंगरावर आज पांढरं दिसलं. झैतून अंगणात उभी राहून बराच वेळ तिकडेच बघत होती. उद्या किंवा परवा, नाव घेतलं जावो न जावो, मी वर जाते म्हणाली. अम्माने तिला शुक्रवारपर्यंत थांबवलं आहे. अम्माने, बाबांना न विचारता.

१ ऑक्टोबर, शुक्रवार

हे मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून लिहिते आहे, मधूनमधून उठावं लागतं.

बाबा नेहमीसारखे नमाजला गेले. धुतलेलं फेरन घातलं, एवढंच वेगळं. प्रवचन झालं, नमाज झाली. भोंगा बंद होण्याआधी थोडी खरखर आली आणि मग बाबांचा आवाज आला. मी आयुष्यात कधी त्यांचा आवाज भोंग्यावर ऐकला नव्हता, क्षणभर ओळखलाच नाही. शिवणाचं माप सांगावं तसे सांगत होते.

"मी सनाउल्ला लोन, शिंपी. ओढ्यावरून आणलेल्या माणसाला मी पाणी घातलं. त्याचं नाव गुलाबदीन खटाना, बापाचं नाव फतेहदीन, राहणार सुरमर्ग. अक्रोड झोडायला आला होता. त्याची बायको माझ्या घरी आहे. ज्याला मातमाला यायचं त्याने माझ्या घरी यावं. पलीकडून आला होता असं म्हणणाऱ्यांना मी..."

टक्‌ असा आवाज झाला आणि भोंगा गेला.

झैतूनने माझं मनगट धरलं. "नाव घेतलं ना? बापाचंही घेतलं?"

"बापाचंही घेतलं."

"गावाचं?"

"घेतलं."

ती तिथेच भिंतीला टेकून खाली बसली आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी इतके दिवस ऐकायची वाट बघत होते आणि ऐकवेना. अम्माने चहाचा समावार पेटवला. अंगणात चटई टाकली. मी म्हटलं, कोणी आलं नाही तर? ती म्हणाली, नाही आले तर चहा आपण पिऊ.

बाबा आले. फेरनची कॉलर फाटली होती. मौलवी तौसीफ त्यांना हात लावत नव्हते म्हणे, त्यांच्या पोरांनी लावला. बाबा चटईवर बसले. गल्ली मोकळी होती. शेजारच्या खिडक्या बंद होत होत्या, एकेक. मला वाटलं, झालं, संपलं.

मग हबला कांदुर आला. पीठ लागलेल्या हातांनी तसाच. बाबांशी त्याचं कधी फार पटलं नाही. शेजारी बसला, दुआसाठी हात वर केले. त्याच्या मागून वरच्या आळीचे म्हातारे, मग ज्यांच्या झाडावर गुलाबदीन चढला होता ते वानी. ते झैतूनकडे बघू शकत नव्हते. म्हणाले, "त्या शनिवारी संध्याकाळी तो आमच्याकडून निघाला. सोमवारी प्रेत आलं तेव्हा मी विचारायला हवं होतं."

मेलेल्यासाठीची फातिहा चालू असताना वळणावर जीप थांबली. कोणी मान वर केली नाही. जवान दाराशी आले आणि त्यांचा अधिकारी, तरुणच होता, फातिहा संपेपर्यंत बूट घातलेलाच उंबऱ्याबाहेर उभा राहिला. मग म्हणाला, दोनच प्रश्न आहेत, चलावं लागेल. बाबा उठले. मी आडवी गेले आणि माझ्या कचेरीचं नाव सांगितलं, कायद्याचं कलम सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, बाजूला व्हा." बाबा म्हणाले, "तबिंदा, पाहुण्यांचा चहा राहिलाय."

हबलाचा थोरला मुलगा एसटीडी बूथवरून वकीलसाहेबांना फोन करून आला. ते निघाले आहेत. प्रतिज्ञापत्र मशीनच्या फळीवरून घेतलं, तर खाली सही आहे. केव्हा केली, अम्मालाही माहीत नाही. मी ते आता अंगावर ठेवलं आहे, फेरनच्या आत.

उद्या पहाटे झैतूनबरोबर हबला आणि वानी सुरमर्गला चढणार आहेत, म्हातारीला सांगायला. दोघांनाही आपण कशात पाऊल टाकतोय ते समजतं. मला नव्हतं समजत.

दिवेलागण झाली. लोक अजून येतात. घरधनी छावणीत असतानाही येतात, बायका मागच्या दाराने, पुरुष पुढच्या. प्रत्येक जण बसताना विचारतो, कोणाच्या नावाने? आणि झैतून प्रत्येकाला सांगते, गुलाबदीन, फतेहदीनचा मुलगा. एकदाही कंटाळत नाही.

दार मी लावलेलं नाही. बाबा अजून यायचे आहेत.